पत्ता सगळ्या गल्लीचा

गेल्या दिवाळीत दोन आठवडे सांगलीला घरी होतो. परदेशातून सुट्टीवर आलेल्या इंजिनिअरचं जे होतं तेच माझंही झालं. पहिले दोन दिवस लाड, तिसऱ्या दिवसापासून दुरुस्त्या. मिक्सर झाला, इन्व्हर्टर झाला, शेजारच्या काकूंचा फोनही झाला आणि शेवटी गाडी बाबांच्या जुन्या संगणकाशी येऊन थांबली.

या संगणकात बाबांचा जीव अडकलाय. आईच्या भजनी मंडळाच्या साठेक कॅसेट घरात होत्या. त्या मंडळातल्या निम्म्या बायका आता नाहीत. आईही नाही. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर बाबांनी दोन वर्षं खपून एकेक कॅसेट संगणकात उतरवली. कुठल्या देवळातलं भजन, कुठली एकादशी, पेटीवर कोण, सगळं नीट लिहून ठेवलं. त्यांची इच्छा साधी होती. मिरजेच्या मावशीला, पुण्याच्या आत्याला आणि मला व्हर्जिनियात, वाटेल तेव्हा हे ऐकता यावं.

"एवढंच ना? अर्ध्या तासाचं काम आहे," मी म्हणालो. खोटं कशाला बोला, छाती जरा फुगलीच होती. वीस वर्षं अमेरिकेत नेटवर्किंगचाच धंदा करतोय. घरचा संगणक चालू ठेवायचा, घराच्या इंटरनेटचा पत्ता मावशीच्या फोनमध्ये घालून द्यायचा, पासवर्ड लावायचा, झालं.

तीन दिवस गेले. घरातल्या घरात सगळं चालायचं, बाहेरून काही केल्या उघडेना. शेवटी राऊटरच्या पानावर जाऊन बघितलं तर घराला मिळालेला पत्ता १००.७० ने सुरू होणारा. बघितल्याबरोबर कपाळाला हात लावला. कंपनीला फोन केला. दुसऱ्या दिवशी एक बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा आला. हुशार होता, बोलायला नम्र होता.

"सर, ते बाहेरून नाही उघडणार. पब्लिक आयपी पाहिजे असला तर वर्षाला वेगळे पैसे पडतील."

"आणि व्ही-सिक्स?"

"ते आमच्याकडं नाही सर. कोण मागतच नाही."

बाबा इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, "म्हणजे आमच्या घराचा पत्ता काय मग?"

"काका, तुमचा असा वेगळा नाही. सगळ्या गल्लीचा मिळून एकच असतोय."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात "आणि तू वीस वर्षं काय करतोयस?" असं सगळं होतं. हा लेख त्या बघण्याचं उत्तर आहे.

*

ज्यांचा या विषयाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इंटरनेटवरच्या प्रत्येक यंत्राला एक पत्ता लागतो. तो म्हणजे एक आकडा. आपण ज्याला आयपी अॅड्रेस म्हणतो तो हाच. १९८१ मध्ये जो नियम लिहिला गेला (त्याला व्ही-फोर म्हणतात) त्यात या आकड्याला ३२ बिटांची जागा ठेवली. त्यामुळे जगात एकूण ४,२९,४९,६७,२९६ पत्ते होऊ शकतात, एक जास्त नाही. म्हणजे सुमारे ४२९ कोटी. तेव्हा ते नेटवर्क काही विद्यापीठं आणि अमेरिकेचं संरक्षण खातं एवढ्यापुरतं होतं. ४२९ कोटी म्हणजे समुद्र वाटला असणार.

पत्ते कमी पडायला लागल्यावर जुगाड निघाला, त्याचं नाव नॅट. तुमच्या घरात पाच फोन आणि दोन लॅपटॉप असले तरी बाहेर घराचा एकच पत्ता दिसतो, हा नॅट घरचा, त्याची सगळ्यांना सवय आहे. पण कंपनी जेव्हा शेकडो घरांना मिळून एक पत्ता देते तेव्हा त्याला सीजीनॅट म्हणतात. चाळीला एकच टपालपेटी आणि तिच्यावर बसवलेला एक कारकून, असं समजा. तुम्ही पत्र पाठवलंत की कारकून वहीत नोंद करतो, उत्तर आलं की वही बघून तुमच्या खोलीत आणून देतो. इथपर्यंत सुरळीत. पण मावशीने आपण होऊन तुम्हाला पत्र पाठवलं तर? वहीत नोंद नाही. कारकून ते फेकून देतो.

म्हणजे तुम्ही बाहेर जाऊ शकता, तुमच्याकडे कुणी येऊ शकत नाही. तुम्ही बघू शकता, दाखवू शकत नाही. सिनेमा, बातम्या, खरेदी सगळं चालतं, म्हणून कुणाला कळतही नाही की आपल्या घराला दारच नाही, नुसती खिडकी आहे.

*

आता या विषयावर आपल्याकडे दोन प्रकारची बडबड ऐकू येते. दोन्ही मला पटत नाहीत.

पहिली बडबड आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप गटावर लगेच सुरू झाली. "अमेरिकेने सगळे पत्ते लुटले, आपल्याला काही ठेवलंच नाही." आता यात खरं काय ते आधी सांगतो, कारण ते खरं बऱ्यापैकी चीड आणणारं आहे.

ऐंशीच्या दशकात पत्त्यांची नोंदवही जॉन पोस्टेल नावाचा एक संशोधक सांभाळायचा, नंतर कॅलिफोर्नियातल्या एका संस्थेतून ते काम चालायचं. कुणाला पत्ते हवे असले की मागायचे, मिळायचे. वाटपाचे तीनच आकार होते. छोटा गट २५६ चा, मधला ६५,५३६ चा आणि मोठा १,६७,७७,२१६ चा. मधलं माप नाही. मोठा गट मागायला फार मोठं असावं लागायचं असंही नाही. १७ ने सुरू होणारे सगळे पत्ते अॅपलला, १८ ने सुरू होणारे एमआयटीला, १९ ने सुरू होणारे फोर्ड मोटर कंपनीला. सगळे फुकट. एक संगणक कंपनी, एक कॉलेज आणि एक मोटारींचा कारखाना. या तिघांचे मिळून पाच कोटी पत्ते झाले.

आज सगळ्या भारताच्या नावावर किती पत्ते आहेत? चार कोटींच्या आसपास. हो, १४० कोटींहून जास्त लोकांमध्ये. म्हणजे पस्तीसेक माणसांमागे एक. अमेरिकेच्या नावावर दीड अब्जाहून जास्त, म्हणजे माणशी चारहून अधिक. एकट्या अमेरिकन संरक्षण खात्याकडे आपल्या देशाच्या किमान चौपट पत्ते आहेत. त्यातले सुमारे साडेसतरा कोटी तर वर्षानुवर्षं इंटरनेटवर दिसतही नव्हते. २०२१ च्या जानेवारीत ते एकदम दिसायला लागले, तेव्हा जगभरच्या नेटवर्कवाल्यांच्या भुवया उंचावल्या.

बाबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "हे आमच्या कालव्यासारखंच झालं की. हेडचा शेतकरी ऊस लावून बसतो आणि टेलला प्यायलाही पोचत नाही." बरोबर तसंच. तीस वर्षं त्यांनी हेच भांडण मिटवलं.

पण त्यांनीच पुढचा प्रश्न विचारला, जो व्हॉट्सअॅपवर कुणी विचारला नव्हता. "टेलवाल्यांनी मागणी अर्ज भरला होता का?"

इथे गोम आहे. पत्ते देशांना दिले जात नाहीत. ते संस्थांना आणि इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांना, गरज दाखवली की दिले जातात. देशाचा आकडा म्हणजे त्या देशात नोंदवलेल्या संस्थांची नुसती बेरीज. १९९३ मध्ये ते तीन आकार मोडीत निघाले आणि गरजेपुरतं वाटप सुरू झालं. त्याच वर्षी आशिया-पॅसिफिकसाठी एपनिक ही वेगळी संस्था निघाली. तिचा साठा १५ एप्रिल २०११ पर्यंत शिल्लक होता. अठरा वर्षं! त्या अठरा वर्षांत एपनिकच्या त्याच खिडकीवर रांग लावून चीनने आपला आकडा तीस कोटींच्या वर नेला आणि दक्षिण कोरियाने अकरा कोटींच्या आसपास. कोरियाची लोकसंख्या आपल्या महाराष्ट्राच्या निम्मीसुद्धा नाही. त्यांच्या वेळी अमेरिकेने कुणाचा हात धरला नव्हता, आपलाही धरला नव्हता.

मग आपण काय करत होतो? सामान्य माणसाला इंटरनेट मिळायला लागलं १५ ऑगस्ट १९९५ ला, तेही टेलिफोनच्या तारेवरून कुंई-कुंई करत. २००४ मध्ये सरकारचं ब्रॉडबँड धोरण आलं. त्यात २०१० पर्यंत दोन कोटी ब्रॉडबँड जोडण्यांचं लक्ष्य होतं. प्रत्यक्षात निम्म्याच्या आसपास झाल्या. जोडण्या नाहीत म्हणून गरज नाही, गरज नाही म्हणून मागणी नाही. आणि ज्या होत्या त्यांनाही नॅटच्या मागे बसवलं की काम भागत होतं. हा आपला आळस. त्याला लूट म्हणू नये.

*

दुसरी बडबड याच्या बरोबर उलट. "ते जुनं झालं हो, आता व्ही-सिक्स आहे आणि त्यात भारत जगात आघाडीवर आहे." हेही खरंच आहे. आणि याचाही मला अभिमान आहे, कारण हे आपण अडचणीतून केलं.

व्ही-सिक्स म्हणजे नवा नियम. त्यात पत्त्याला ३२ ऐवजी १२८ बिटांची जागा आहे. पत्ते इतके की मोजायला शब्द नाहीत, तीनशे चाळीस लिहून पुढे छत्तीस शून्यं द्यायची. १९९८ पासून तो लिहून तयार होता. जगाने त्याकडे दुर्लक्ष केलं, कारण जुन्यावर भागत होतं. २०१६ च्या सप्टेंबरमध्ये जिओ सुरू झाली आणि सहा महिन्यांच्या आत तिचे दहा कोटी ग्राहक झाले. एवढ्यांना जुने पत्ते आणणार कुठून? एपनिकच्या खिडकीवर तर नव्या गिऱ्हाईकाला जास्तीत जास्त १,०२४ मिळत होते. म्हणून पहिल्या दिवसापासून व्ही-सिक्स. मग बाकीच्या मोबाईल कंपन्याही मागोमाग गेल्या. आज गूगलची किंवा एपनिकची मोजमापं बघितली तर भारतातला व्ही-सिक्सचा वापर दोन तृतीयांशांच्या वर आहे. अमेरिका निम्म्याच्या आसपास रेंगाळते आहे.

तर मग माझी तक्रार काय? तक्रार ही की हा सगळा आकडा खिशातल्या फोनचा आहे. आणि फोन हे बघायचं यंत्र आहे. जिथे माणूस काही ठेवू शकेल, काही चालवू शकेल, दुसऱ्याला काही देऊ शकेल, तिथे, म्हणजे घरात, शाळेत, छोट्या कारखान्यात, ग्रंथालयात, अजून तो पोरगा सांगतोय, "ते आमच्याकडं नाही सर." बाबांच्या भाषेत, नव्या कालव्याला दुथडी पाणी आहे, फक्त शेतापर्यंत चारी काढलेली नाही.

आणि चारी काढणं अवघड आहे का हो? मी हा धंदा करतो म्हणून हिशेब मांडून सांगतो. आपल्या गावातला केबलवाला ज्याच्याकडे दहा हजार गिऱ्हाइकं आहेत, त्याला जुने पत्ते मिळाले हजारभर. त्याने गल्लीला एक पत्ता दिला यात मी त्याला दोष देत नाही, त्याच्या जागी मीही तेच केलं असतं. पण त्याच केबलवाल्याला व्ही-सिक्सचा जो नेहमीचा गट मिळतो त्यातून प्रत्येक घराला २५६ वेगवेगळी जाळी द्यायची ठरवली तर किती घरांना पुरेल? १,६७,७७,२१६ घरांना! आकडा ओळखीचा वाटला ना? फोर्डला जेवढे पत्ते फुकट मिळाले तेवढी घरं. एका केबलवाल्याच्या गटात. भारतात त्याची नोंदणी आयआरआयएनएन करते, म्हणजे निक्सीचीच शाखा. अर्ज मराठी माणूस भरू शकतो, दिल्लीत कुणाच्या पाया पडावं लागत नाही.

मग हे होत का नाही? "कोण मागतच नाही" हे त्या पोराचं उत्तर प्रामाणिक आहे. पण अर्धं आहे. उरलेलं अर्धं हे की टंचाईवर पैसे मिळतात. दार नसलेल्या घराला दार विकता येतं, वर्षाला इतके इतके रुपये. व्ही-सिक्स आलं तर दार फुकट होईल. मग विकायचं काय?

*

टंचाईवर पैसे कसे मिळतात ते बघायचं असेल तर इकडे या. अमेरिकेतला साठा २४ सप्टेंबर २०१५ ला संपला. पण त्याआधीच बाजार उभा राहिला होता. २०११ मध्ये नॉर्टेल नावाच्या दिवाळखोर कंपनीकडून मायक्रोसॉफ्टने ६,६६,६२४ पत्ते ७५ लाख डॉलरला घेतले. म्हणजे एकेका आकड्याला सव्वाअकरा डॉलर. २०१७ मध्ये एमआयटीने जाहीर केलं की आपल्या एक कोटी साठ लाखांहून जास्त पत्त्यांपैकी एक कोटी चाळीस लाख कधी वापरलेच नव्हते, आणि त्यातला मोठा भाग अॅमेझॉनला विकला. २०१९ मध्ये हौशी रेडिओवाल्यांसाठी राखलेल्या गटातले सुमारे चाळीस लाख पत्ते अॅमेझॉनने दहा कोटी डॉलरहून जास्त मोजून घेतले. (ती रक्कम त्यांनी शिष्यवृत्त्या आणि अनुदानांना लावली, हे सांगायला हवं.)

आणि मग १ फेब्रुवारी २०२४ पासून अॅमेझॉनने आपल्या क्लाऊडवरच्या प्रत्येक जुन्या पत्त्याला ताशी अर्धा सेंट भाडं लावलं. ऐकायला चिल्लर वाटते. वर्षाचे होतात ४४ डॉलर, एका आकड्याचे. पुण्यातल्या तीन पोरांनी कंपनी काढली आणि दहा पत्ते घेतले तर बघा गुणाकार करून.

याच्या अगदी उलट एक उदाहरण सांगतो, कारण ते फार कमी जणांना माहीत आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठालाही असाच मोठा गट मिळाला होता. त्यांनी २००० साली आपलं नेटवर्क नव्याने लावलं आणि तो गट मुकाट्याने परत करून टाकला. पुढे तो आशियाच्या वाट्याला आला. ज्याने परत केलं त्याला धन्यवादाचं पत्र, ज्याने धरून ठेवलं त्याला डॉलर. वीस वर्षं या देशात काढून मला इथल्या व्यवस्थेबद्दल आदर आहे, पण हा हिशेब मला कधी पचला नाही.

*

"अहो, पण सामान्य माणसाला करायचाय काय पत्ता?" असं विचारणारे भेटतात. परवा इथल्या एका मराठी मित्रानेच विचारलं. उलट त्याचं म्हणणं, दार नाही तेच बरं, चोर तरी येत नाहीत.

चोराचं आधी. बाहेरच्याला अडवायचं काम फायरवॉलचं, ते राऊटरमध्ये असतंच आणि व्ही-सिक्सवरही तसंच चालतं. दाराला कुलूप लावणं वेगळं आणि गवंड्याने दारच बुजवून टाकणं वेगळं. कुलपाची किल्ली माझ्याकडे असते.

आणि पत्ता सामायिक असण्याचा धोका कुणी सांगत नाही. तो महाराष्ट्राने पाहिलेला आहे. २००७ मध्ये ऑर्कुटवर शिवाजी महाराजांबद्दल कुणीतरी घाणेरडा मजकूर टाकला. पुणे पोलिसांनी पत्ता शोधला, इंटरनेट कंपनीने त्या पत्त्याच्या ग्राहकाचं नाव दिलं आणि बंगळूरच्या एका तरुण अभियंत्याला उचलून आणलं. तो पन्नास दिवस तुरुंगात होता. नंतर कळलं की पत्ता त्याचा नव्हताच, कंपनीने चुकीच्या माणसाचं नाव दिलं होतं. महाराजांचा अपमान करणाऱ्याला पकडायलाच हवं, त्याबद्दल वाद नाही. पण पन्नास दिवस भोगले ते भलत्यानेच.

तेव्हा निदान एका वेळी एक पत्ता एका ग्राहकाकडे असायचा, तरी ही चूक झाली. आज एका पत्त्यामागे कधी कधी शेकडो घरं असतात. त्यातलं नेमकं घर शोधायला सेकंदापर्यंत अचूक वेळ लागते आणि पोर्ट नावाचा आणखी एक आकडा लागतो. तो दुसऱ्या बाजूने नोंदवलाच नसेल तर सगळी गल्ली संशयित. हे मी घाबरवायला सांगत नाही. युरोपातल्या पोलिसांची संस्था, युरोपोल, हिने २०१७ मध्ये हीच तक्रार जाहीरपणे केली होती की सीजीनॅटमुळे गुन्हेगार सापडत नाहीत आणि निरपराध माणसं तपासात ओढली जातात. गुन्हेगारीचं सोडा, शेजाऱ्याच्या संगणकात व्हायरस शिरला की तुमच्या बँकेचं पान तुम्हाला "तुम्ही माणूस आहात का" असं विचारत सिग्नलची चित्रं निवडायला लावतं, त्याचं कारण पुष्कळदा हेच असतं.

आता "करायचाय काय" याचं उत्तर. शाळेला आपला ध्वनिसंग्रह ठेवायचा असेल. एखाद्या वाचनालयाला जुनी नियतकालिकं स्कॅन करून गावाला द्यायची असतील. शेतकऱ्याला विहिरीवरचा पंप आणि कॅमेरा चिनी कंपनीच्या सर्व्हरवरून न जाता थेट बघायचा असेल. पोरांना घरच्या मशीनवर काहीतरी चालवून बघायचं असेल. आम्ही सगळे असंच शिकलो. मी इथे आलो त्या वर्षी माझ्या भाड्याच्या खोलीला स्वतःचा पत्ता होता. रूममेटचा टाकून दिलेला संगणक जोडून मी जे शिकलो त्यावर आजवर पोट भरतोय. (इथलंही सगळं गोड नाही. करारात बारीक अक्षरात "घरी सर्व्हर चालवू नये" असतंच, आणि मोबाईल कंपन्यांचं घरगुती इंटरनेट घेतलं तर इथेही गल्लीचाच पत्ता.) सांगलीतल्या एखाद्या पोराला आज हेच करायचं तर आधी क्रेडिट कार्ड काढून अमेरिकन कंपनीकडे सर्व्हर भाड्याने घ्यावा लागतो. मुद्दा तिथे आहे. ज्याला पत्ता नाही तो इंटरनेटवर कायमचा गिऱ्हाईक. दुकान काढायचं तर दुसऱ्याच्या ओट्यावर.

*

सरकारला हे कळत नव्हतं असं नाही. दूरसंचार खात्याने २०१० च्या जुलैमध्येच व्ही-सिक्सचा आराखडा काढला होता. त्यात लिहिलं होतं की मोठ्या इंटरनेट कंपन्यांनी २०११ च्या डिसेंबरपर्यंत ही सेवा द्यावी आणि केंद्र व राज्यांच्या सगळ्या खात्यांनी २०१२ च्या मार्चपर्यंत ती वापरायला लागावं. कागद उत्तम आहे, मी वाचलाय. तारखा उलटून किती वर्षं झाली ते तुम्ही मोजा. नंतर तारखा पुढे ढकलल्या गेल्या, आपल्याकडे रस्त्याच्या कामाच्या ढकलतात तशाच.

म्हणून माझं म्हणणं तीनच वाक्यांचं आहे. घरगुती इंटरनेट विकणाऱ्या प्रत्येकाला, छोटा असो की मोठा, व्ही-सिक्स दिल्याशिवाय "इंटरनेट" हा शब्द जाहिरातीत वापरू देऊ नये. घराला त्याचा स्वतःचा गट मिळावा आणि बाहेरून येणारं अडवायचं की नाही हे घरमालकाने ठरवावं, कंपनीने नव्हे. आणि जिथे सरकारी पैसा जातो तिथे, शाळा, ग्रामपंचायत, ग्रंथालय, निविदेत ही अट पहिल्या पानावर असावी.

आणि तुम्ही? तुम्ही मागा. तो पोरगा म्हणाला ना, कोण मागत नाही. आज राऊटरच्या पानावर जाऊन बघा. बाहेरच्या बाजूचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यामध्ये सुरू होत असेल तर तुमचा पत्ता गल्लीचा आहे. शेजारी २४० ने सुरू होणारा लांबलचक पत्ता दिसला तर अभिनंदन, व्ही-सिक्स पोचलंय. नसेल तर कंपनीला फोन करा आणि विचारा, "व्ही-सिक्स कधी देताय?" पहिल्यांदा "काय?" म्हणतील. दहाव्या माणसाने विचारलं की साहेबाला विचारून सांगतो म्हणतील. शंभराव्याने विचारलं की मिळेल. बाबांच्या खात्यात तरी असंच चालायचं. पाणी मागणी अर्ज आला की पाळी लागायची, गावात बसून शिव्या घालणाऱ्याला कधी पाणी सुटल्याचं ऐकलं नाही.

*

आमच्या भजनांचं काय झालं ते राहिलंच. मी निघायच्या आदल्या दिवशी हार मानली आणि इकडे व्हर्जिनियात एक सर्व्हर भाड्याने घेतला. त्याला पत्ता आहे, त्या पत्त्याचं भाडं दर महिन्याला माझ्या कार्डावरून जातं. सगळ्या फायली त्यावर चढवल्या. आता संध्याकाळी मिरजेत मावशी फोनवर बोट ठेवते, आणि सांगलीच्या मारुतीच्या देवळात म्हटलेलं भजन अर्ध्या पृथ्वीला वळसा घालून तिच्याकडे येतं. सांगली ते मिरज अंतर दहा किलोमीटर. भारतातलं इंटरनेट भारतातल्या भारतात फिरावं म्हणून आपण २००३ मध्ये निक्सी काढली होती. असो.

मावशी खूश आहे. बाबाही आहेत, पण पूर्ण नाहीत. परवा फोनवर म्हणाले, "ते त्या केबलवाल्याला मी दर सोमवारी फोन करतोय. ते सिक्स का काय, त्याचं विचारतो."

"मग काय म्हणतात?"

"साहेबाला विचारून सांगतो म्हणाला."

म्हणजे दहाव्या माणसापर्यंत आलंय. अजून नव्वद जण हवेत. सांगलीत कुणी वाचत असाल तर सोमवारी एक फोन तुम्हीही करा.